तंबूचं वाळवण

माळ्यावरून पिशवी खाली काढली तेव्हाच वास आला. कोंदट, आंबूस, पावसाळ्यात विसरलेल्या ओल्या पायमोज्यांना येतो तसा. 2020 चा डिसेंबर होता. दीड वर्ष आम्ही कुठेच गेलो नव्हतो आणि आता मुलांना भंडारदऱ्याला घेऊन जाऊ म्हणून तंबू काढला होता. हॉलमध्ये उलगडायला घेतला तर कापड कापडाला चिकटलेलं. ओढलं की चर्र आवाज होऊन सुटायचं, आणि आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा बोटांना चिकटून यायचा. तळाच्या कापडावर काळे ठिपके पडले होते. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या.

"ओला ठेवला होतात ना?" एवढंच म्हणाल्या.

ठेवला होता. 2019 च्या जूनमध्ये पुरुषवाडीला काजवे बघायला गेलो होतो. पहाटे वळवाची सर आली, तंबू तसाच गुंडाळला, पिशवीत कोंबला आणि घरी आलो. रविवारी वाळवू म्हटलं. रविवारी पाहुणे आले, पुढच्या रविवारी आभाळ भरलेलं, मग शाळा सुरू झाल्या आणि पिशवी माळ्यावर गेली. दोन हजार दोनशे रुपयांचा तंबू, तीनदा वापरलेला. पैशांपेक्षा मला वाईट वाटलं ते वेगळ्या गोष्टीचं. त्या तंबूत माझा धाकटा पहिल्यांदा अंधाराला न घाबरता झोपला होता.

नंतर वाचून, विचारून कळलं की नेमकं काय झालं. अशा तंबूंच्या पॉलिएस्टरला आतून पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला असतो. पाणी अडवतो तो लेप. ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की पाणीच त्या लेपाला आतून तोडत जातं. आधी तो चिकट होतो, मग वास मारायला लागतो, मग सालासारखा सुटतो. एकदा सुरू झालं की त्याला उपाय नाही. काळे ठिपके म्हणजे बुरशी, ती वेगळी. आमच्या तंबूला दोन्ही झालं होतं.

नवा घ्यायचा ठरलं तेव्हा मी हट्ट धरला की या वेळी फोनवर चित्र बघून घ्यायचा नाही. दुकानात जायचं, तिथे उभा करायला लावायचा आणि सगळ्यांनी आत झोपून बघायचं. नवऱ्याला जरा संकोच वाटला, पण दुकानातल्या मुलाने आनंदाने जागा करून दिली. आम्ही चौघं 'चार माणसांचा' असं लिहिलेल्या तंबूत आडवे झालो. खांद्याला खांदा लागला. थोरलीचे पाय कापडाला टेकत होते आणि सामानाला वीतभर जागा नव्हती. तंबूवरचा आकडा म्हणजे दाटीवाटीने झोपलेली माणसं, एवढं तिथेच उमगलं. सासूबाई अधूनमधून आमच्याबरोबर येतात, म्हणजे पाच जणं. आम्ही सहाचा घेतला. शिवाय त्यांना गुडघ्यांवर रांगत आत जाणं जमणार नव्हतं, म्हणून मध्यभागी वाकून का होईना उभं राहता येईल एवढी उंची हवी होती. गाडीने जायचं तर वजनाची फिकीर नाही. पाठीवर तंबू घेऊन रतनगड चढणाऱ्यांचं गणित वेगळं, आपलं वेगळं. हे लक्षात ठेवलं की निम्मी निवड सोपी होते.

दुसरा आकडा मिलिमीटरचा. पिशवीवर 1500, 2000, 3000 असं लिहिलेलं असतं. त्या कापडावर उभी नळी धरून तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. 2000 म्हणजे दोन मीटर पाणी. वाटतं की एवढं कशाला, पाऊस काय दोन मीटरचा असतो का! पण वाऱ्याने मारलेला थेंब जोरात आपटतो, आणि तळाच्या कापडावर तर आपण गुडघा टेकतो, कोपर टेकतो. त्या एका बिंदूवर दाब फार येतो आणि खालची ओल वर येते. म्हणून तळाचा आकडा छतापेक्षा मोठा हवा. आम्ही छत 2000 आणि तळ 3000 असा घेतला. हिवाळ्यात अवकाळी पाऊस कोसळतो हे आपल्याकडे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. नुसतं दव अडवणारा तंबू मला घ्यायचा नव्हता.

शिवण मात्र आकड्यांत सापडत नाही. सुई जिथे जिथे गेली तिथे भोक आहे, म्हणून शिवणींवर आतून एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. मी दुकानात मोबाइलचा दिवा लावून सगळ्या शिवणींवरून बोट फिरवलं. एका तंबूची पट्टी कोपऱ्यात आधीच उचललेली होती. तो बाजूला ठेवला. चेन दहादा उघडून बंद केली, वळणावर अडकते का बघितलं. सासूबाईंनी साडीच्या दुकानात पदर पारखावा तसं कापड चिमटीत धरून उजेडासमोर बघितलं आणि म्हणाल्या, "हा बरा." तोच घेतला. 11 हजारांच्या आसपास पडला. घरात त्यावर दोन दिवस चर्चा झाली, ती इथे सांगत नाही.

पहिली सहल भंडारदरा. आम्ही आळेफाट्यावरून ओतूर, कोतूळ, राजूर असे गेलो. प्रवरेवरचं ते धरण 1926 मध्ये पुरं झालं, जलाशय गर्द डोंगरांच्या कुशीत आहे आणि पलीकडे 1646 मीटरचा कळसूबाई. डिसेंबरअखेरीला तिथली थंडी पुण्याच्या थंडीला हसते. आम्ही रतनवाडीच्या बाजूला, एका शेतकऱ्याच्या मोकळ्या वावरात, त्याची परवानगी घेऊन तंबू मारला. पाण्याच्या अगदी काठाशी लावायचा मुलांचा आग्रह होता. शेतकरीमामांनी वर बोट दाखवलं. रात्री गार हवा उतारावरून खाली येऊन पाण्याकाठच्या खोलगट जागेत साठते, दवही तिथेच जास्त पडतं. दोन शेतं वर गेलं की फरक अंगाला कळतो.

मेखा ठोकायला घेतल्या आणि टणटण आवाज यायला लागला. बोटभर माती, खाली कातळ. दुकानातून आलेल्या तारेच्या मेखा एकामागून एक वाकल्या.

"ताई, हितं मेखा नाय जायाच्या," मामा म्हणाले. "दगडं बांधा."

मी दोरी दगडाला गुंडाळायला घेतली, तर त्यांनी ती हातातून घेतली. आपल्या काळ्या दगडाच्या कडा धारदार. वारा सुटला की दोरी त्या कडेवर रात्रभर घासते आणि पहाटे तुटते. त्यांनी वीतभर लांबीची काठी घेतली, दोरी तिच्या मध्यावर बांधली, काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर, दोरी सुटते त्या बाजूने, मोठा धोंडा रेटला. ओढ पडली की काठी धोंड्याला आतून अडते. दोरी कुठे घासतच नाही. इतकी साधी गोष्ट, पण तेव्हापासून आमच्या पेटीत अशा आठ काठ्या कायम असतात. जोडीला लोहाराकडून करून आणलेल्या, पाव मीटर लांबीच्या सळईच्या मेखाही. जिथे माती आहे तिथे त्या, डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं ठेवून. काळ्या मातीत पावसानंतर मात्र साध्या मेखा लोण्यातून सुरी निघावी तशा निघतात. तिथे लांब मेखच हवी आणि वर दगडही.

गाठींचं खातं सासूबाईंकडे. त्या मुलांना सांगतात, दावणीची गाठ सुरगाठ हवी, निरगाठ मारलीत तर सकाळी गार बोटांनी सोडताना रडाल. नायलॉनची दोरी दवाने भिजली की सैल पडते. झोपायच्या आधी एकदा सगळ्या दोऱ्या ताणून घ्यायला थोरली टॉर्च घेऊन फेरी मारते. हे तिचं काम, ती दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

त्या रात्री आम्ही कुडकुडलो. चूक अंथरुणाची होती. नवऱ्याने हवेची गादी आणली होती, घरी पाहुण्यांना देतो ती. गादीतली हवा जमिनीने गार होते, आत फिरत राहते आणि पाठ गोठते. वर दोन दोन रजया होत्या, तरी थंडी खालून येत होती. मध्यरात्री आम्ही गाडीतल्या पायपुसण्या, वर्तमानपत्रं, पुठ्ठा, सापडेल ते खाली घातलं. सासूबाई तेवढ्या निवांत झोपल्या होत्या. त्यांनी आपल्याबरोबर फोमची चटई, सतरंजी आणि घरी शिवलेली गोधडी आणली होती.

मला वाटलं गोधडीनेच ऊब दिली. तसं पूर्ण खरं नाही. अंगाखाली आली की गोधडी दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि ऊब हवेचीच असते. काम केलं ते फोमने, कारण त्यातले बंद कप्पे वजनाने चेपत नाहीत. गोधडी अंगाला मऊ लागली, आणि उरलेली अर्धी वर ओढून घेतली तिने खरी ऊब दिली. आता आमचा क्रम ठरलेला आहे. जमिनीवर ताडपत्री, वर तंबू, आत फोमच्या चटया कडेला कड लावून, त्यावर सतरंजी, त्यावर माणूस, आणि माणसावर जे हवं ते. हवेची गादी घरी पाहुण्यांसाठी ठेवली. झोपायच्या पिशव्या, म्हणजे स्लीपिंग बॅग, आम्ही पुढच्या वर्षी दोनच घेतल्या, मुलांसाठी, कारण मुलं पांघरूण लाथाडतात. त्यावर छापलेल्या दोन तापमानांपैकी 'कम्फर्ट' लिहिलेलं तेवढं बघा. 'लिमिट'वर अंग चोरून रात्र कशीबशी निघते. आणि दोन सहलींच्या मध्ये ती पिशवी घट्ट दाबून ठेवायची नाही. आमच्या दोन्ही पिशव्या कपाटात गादीच्या जुन्या खोळीत सैल पडलेल्या असतात.

ताडपत्रीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवी, किंवा कडा आत दुमडायच्या. बाहेर राहिली तर छतावरून ओघळणारं पाणी तिच्यावर पडतं आणि थेट तुमच्या पाठीखाली येतं. हे आम्ही एकदा भोगलं आहे.

गुहागरला माती नव्हती, वाळू होती. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले होते. किनाऱ्यालगत ओळखीतल्या एका कुटुंबाची नारळी-पोफळीची वाडी आहे, तिच्या कडेला उतरायचं ठरलं होतं. छान सावली बघून मी तंबू उलगडायला लागले. वाडीवाले काका धावत आले.

"नारळाला डोळे असतात, ताई. झावळीला नसतात. माडाखाली नको."

वाळलेली झावळी वरून सुटली की केवढ्या वजनाने येते ते त्यांनी पलीकडे पडलेली एक उचलायला लावून दाखवलं. मला ती एका हाताने उचलली नाही. तेव्हापासून कुठेही गेलो तरी तंबू मारण्याआधी आम्ही पाचही जण मान वर करून बघतो. वाळकी फांदी, मोहोळ, विजेची तार.

वाळूत मेख धरत नाही. काकांनी नाचणीच्या रिकाम्या गोणपाटाचे तुकडे दिले. त्यात वाळू भरून, तोंड बांधून, दोरी त्याला लावून हातभर खड्ड्यात पुरायचं आणि वरून वाळू तुडवायची. रात्रभर समुद्राचा वारा होता, तंबू जागचा हलला नाही. पण किनाऱ्याने एक त्रास लावून दिला. बारीक वाळू आणि खारं दव चेनच्या दातांत जाऊन बसलं. दुसऱ्या संध्याकाळी चेन ओढली तर मागे दात उघडेच. धाकट्याला डास चावले, सगळ्यांनाच चावले.

घरी आल्यावर मला वाटलं चेन बदलावी लागणार. आमच्या पेठेत छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करणारे एक काका बसतात, पावसाळ्यात छत्र्या, एरवी दप्तरं. तंबूचा दरवाजा त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांनी आधी जुना दात घासायचा ब्रश घेऊन सगळे दात घासले, चिमूटभर वाळू निघाली. मग चष्मा कपाळावर चढवून चेनच्या कडीकडे, ते तिला रनर म्हणतात, जवळून बघितलं.

"दात चांगले आहेत. रनर पसरलाय."

वाळूवर ओढून ओढून कडीचं तोंड झिजतं, फाकतं, आणि दात एकमेकांत दाबले जात नाहीत. त्यांनी पक्कड घेतली, कडीच्या मागच्या बाजूला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, अगदी जीव सांभाळून दाबलं. एकदम दाबलं तर तुकडा पडतो म्हणाले. चेन ओढली, बंद झाली. वर पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवला, म्हणजे कडी सुळकन चालते. तेल लावायचं नाही, त्यावर माती बसते. 20 रुपये घेतले. मी 50 देत होते, ते घेईनात. आता मेणबत्तीचा तुकडा आणि ब्रश आमच्या पेटीत असतात, आणि किनाऱ्यावरून आलं की चेनवर आधी साधं पाणी सोडायचं हा नियम आहे.

काठीचं सांगते. आमच्या तंबूच्या काठ्या फायबरच्या, आत रबरी दोरी असलेल्या. अॅल्युमिनियमच्या हलक्या आणि चिवट असतात, पण महाग. गाडीने जाणाऱ्याला फायबर पुरे, असं माझं मत आहे, फक्त ती मोडते कशी हे ठाऊक हवं. वाकताना ती तुटत नाही, उभी चिरते, आणि बहुतेक वेळा जोडापाशी. कारण काठी खोबणीत पूर्ण बसलेली नसताना आपण वाकवतो. प्रत्येक जोड टच् आवाज येईपर्यंत आत गेला का, हे बोटाने चाचपून बघायचं. आमची काठी भंडारदऱ्याच्या दुसऱ्या सहलीत रात्री दहाला चिरली. नवऱ्याने घाईत उघड्या हाताने धरली आणि काचेच्या कुसळासारखे बारीक धागे तळव्यात गेले. ते काढायला रात्रीचा एक वाजला. त्यानंतर चिरलेली काठी हातमोजा घातल्याशिवाय कुणी धरत नाही. त्या रात्री जुन्या तंबूची एक मेख काठीला समांतर ठेवून चिकटपट्टीने गच्च बांधली आणि सकाळ काढली. आता वीतभर लांबीची धातूची नळी ठेवतो. काठीच्या चिरलेल्या भागावर सरकवायची, दोन्ही टोकांना चिकटपट्टी.

स्वयंपाकाचं सामान जमवायला आम्हाला वेळ लागला नाही. पाच किलोचा छोटा सिलिंडर, एक शेगडी, लोखंडी तवा, कढई. घरून पिठल्याचं पीठ तिखटमीठ कालवून न्यायचं, भाकऱ्या नि ठेचा. रबरी नळीला दर सहलीआधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघायचं, नळी भेगाळली की टाकून द्यायची, डागडुजी नाही. सिलिंडर गाडीत उभा, टोपण लावून, आणि उन्हात गाडी बंद करून त्यात ठेवायचा नाही. शेगडी तंबूपासून दहा पावलं लांब. थंडी आहे म्हणून तंबूत शेगडी किंवा निखारे घेणं, हे मी कुणालाही करू देणार नाही. कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. गाडी बंद करून इंजिन चालू ठेवून झोपण्याचंही तेच. गारठा लागला तर गरम पाण्याची बाटली पायमोज्यात घालून अंथरुणात घ्या.

थंड पेटीला आम्ही सुटा बर्फ आणत नाही. आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये जमवतो. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणून बर्फ टिकतो, आणि वितळला की तेच प्यायचं पाणी, दुधाच्या पिशव्या त्यात पोहत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. मला हे सगळं लिहावंसं वाटलं ते तिच्यासाठी.

पाऊस पडला नाही म्हणजे तंबू कोरडा आहे, असं नसतं. हिवाळ्यातल्या पहाटे छताच्या बाहेरून दहिवर साचलेलं असतं आणि आतून आपल्याच श्वासाचं पाणी. पाच माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार कापडावर बसते. वरच्या झडपा उघड्या ठेवल्या तर कमी होते, थंडीच्या भीतीने बंद केल्या तर सकाळी छतावरून थेंब पडतात आणि माणसं म्हणतात तंबू गळतो. आम्ही सकाळी तंबू लगेच उतरवत नाही. सुती फडक्याने आतून बाहेरून पुसतो, आठ-नऊपर्यंत वारा लागू देतो, तळ उलटा करून खालची बाजू कोरडी करतो. तरीही तो पूर्ण वाळत नाही. पूर्ण वाळतो तो घरी.

घरी वाळवायचं कुठे, हा आमचा खरा प्रश्न होता. दोन खोल्यांचं घर, बाल्कनीत कपड्यांची दोरी, खाली शेजाऱ्यांच्या कुंड्या. सासूबाईंनी गच्ची सुचवली. त्यांची गच्ची उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडग्यांनी भरलेली असते, आणि वाळवणावर त्यांचा शब्द अखेरचा. गाद्यांना, गोधड्यांना त्या दर सहलीनंतर कडक ऊन दाखवतात. तंबूलाही तसंच भर दुपारी उन्हात अंथरायला निघाल्या. इथे मात्र मला त्यांना अडवावं लागलं. उन्हातल्या अतिनील किरणांनी तंबूचं कापड हळूहळू कुजतं, रंग उडतो, एक दिवस नखाने फाटतं. तंबूला ऊन नको, वारा हवा. त्यांना ते पटायला दोन वर्षं लागली. मग त्यांनीच जागा शोधली, पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला, जिथे दिवसभर सावली असते आणि वारा वाहतो. "मिरच्या उन्हात, तंबू सावलीत," असं म्हणून आता त्या मुलांना शिकवतात.

तळ, छत, आतली जाळी, सगळं वेगवेगळं टांगायचं. शिवणी सगळ्यांत शेवटी वाळतात, कारण तिथे कापड दुहेरी असतं. म्हणून हात शिवणींना लावून बघायचा, कापडाला नाही. कोपऱ्यांतल्या पट्ट्या, दोऱ्यांचे गुंडाळे, मेखांची पिशवी, यांत ओल लपते. मेखा ओल्या ठेवल्या तर गंजतात आणि गंज कापडाला लागला की डाग जात नाही. चिखल वाळल्यावर मऊ ब्रशने झाडायचा, नाहीच निघाला तर तेवढ्यापुरतं कोमट पाणी आणि सौम्य साबणाचा थेंब. वॉशिंग मशीन नाही, कपड्यांची पावडर नाही, पिळणं तर नाहीच.

वाळला की घडी घालून मूळच्या त्या चिंचोळ्या पिशवीत कोंबायचा नाही. ती पिशवी प्रवासापुरती. घरी तो जुन्या सुती चादरीच्या गाठोड्यात, सैल. घडी दर वेळी वेगळी पडू द्यायची, नाहीतर त्याच रेषेवर लेप तडकतो. बरोबर लिंबाच्या सालीसुद्धा ठेवायच्या नाहीत, खाण्याचा वास राहिला की उंदीर येतात. एकदा धाकट्याच्या बिस्किटाचा चुरा तळात राहिला होता, मुंग्यांची रांग कपाटापर्यंत आली. टॉर्चमधले सेल काढून ठेवतो. एका टॉर्चमध्ये सेल फुटून पांढरा बुरा जमला होता, तो व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसून साफ झाला, पण आतली स्प्रिंग गेली ती गेलीच.

दर ऑक्टोबरात, दसरा झाला की, आम्ही तंबू गच्चीवर रिकामा उभा करतो आणि थोरली कुंड्यांच्या झारीने शिवणींवर पाणी सोडते. नवरा आत टॉर्च घेऊन बसतो. तिसऱ्या वर्षी मागच्या कोपऱ्यात एक थेंब आला. शिवणीची पट्टी उचलली होती. ती अलगद सोलून काढली, जागा स्पिरिटने पुसली आणि शिवण भरायचं पॉलियुरेथेनचं द्रावण ब्रशने लावलं. सिलिकॉनचं घेऊ नका. ज्या कापडाला पॉलियुरेथेनचा लेप आहे त्यावर तेच धरतं. रात्रभर वाळू दिलं. तो कोपरा अजून कोरडा आहे.

पहिल्या तंबूचं काय झालं, हे बरेच जण विचारतात. त्याच्या काठ्या आणि मेखा आम्ही सुट्या भागांसाठी ठेवल्या. आतल्या जाळीला लेप नसतो, ती शाबूत होती. सासूबाईंनी ती गरम पाण्यात दोनदा धुतली, चार दिवस कडक ऊन दाखवलं, आणि कडेला पट्टी शिवली. त्यांच्या कुरडयांवर आता ती जाळी असते. कबुतरं टोचत नाहीत.

गेल्या नोव्हेंबरात भंडारदऱ्याहून परत निघतानाच अवकाळी पावसाने गाठलं. तंबू उतरवतानाच भिजला होता. घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा. मुलं पेंगलेली, नवऱ्याला सकाळी सहाची पाळी. मी पिशवी दारात ठेवली आणि मनात तेच आलं, उद्या बघू. तेवढ्यात धाकट्याने बूट न काढताच पिशवीची दोरी सोडली. छत त्याने दोन दारांच्या मध्ये टांगलं, तळ सोफ्यावर, जाळी पडद्याच्या दांडीवर. थोरलीने खाली वर्तमानपत्रं पसरली. सासूबाईंनी पंखा पाचवर केला आणि आपल्या खोलीतला टेबल फॅनही आणून लावला. थेंब कागदावर टपटप पडत होते. धाकटा मेखा पुसून रांगेत मांडत होता.

"आई, तेरा आहेत. एक कमी आहे."

ती त्याच्याच जॅकेटच्या खिशात सापडली, मातीसकट. त्याने ती नळाखाली धुतली, फडक्याने कोरडी केली आणि रांगेत ठेवली.